आधी कागदांची पत्रिका जुळवा

बाळा, तुझ्या आईला, म्हणजे वहिनीला, घेऊन सगळे जर्मनीला ताईकडे निघालात, ऐकून आनंद झाला. तिकिटं काढण्याआधी विचारलं असतंस तर अजून झाला असता. पण आपल्या गोराईची रीत मला ठाऊक आहे. आधी स्वस्तातलं तिकीट पदरात पाडायचं, मग सोसायटीभर सांगायचं, आणि जायला दोन महिने उरले की प्लास्टिकची फाईल काखेत मारून काकाकडे यायचं. काकाची सगळी नोकरी सहारला विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर गेली, तेव्हा काका बघेल. बघतो. पण माझ्या पद्धतीने बघतो.

काउंटरवरून परत पाठवावी लागायची ती माणसं रिकाम्या हाताने आलेली नसायची. बिनकागदाचा माणूस सहारपर्यंत येतच नाही. परत जायची ती जाडजूड फाईलवाली. पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, तिकीट आहे, विमा आहे, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. पासपोर्टवर एक नाव, तिकिटावर दुसरं. व्हिसा दहा तारखेपासूनचा, विमान नऊला उतरणारं. म्हणून घरात ‘सगळं आहे ना?’ असं विचारत बसू नकोस. त्या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. लग्नाआधी पत्रिका मांडून बसतात तसे सगळे कागद जमिनीवर पसर आणि एकेक दुसऱ्याशेजारी ठेवून वाच.

हे काम घरी का करायचं, तर पहिला पहारेकरी जर्मनीत नाही, सहारलाच बसलेला असतो. काउंटरवरच्या मुलीसमोर टाइमॅटिक नावाची यादी असते, विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेची. प्रवासी कुठल्या देशाचा, कुठे चाललाय, मध्ये कुठे उतरणार, हे भरलं की कुठले कागद लागतात ते पडद्यावर येतं. तिला तुझ्याशी वैर नसतं. चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर त्याला परत आणायचं कंपनीने, वर दंडही भरायचा. आपल्या देशानेसुद्धा २००० साली तसा कायदा करून माणशी एक लाख रुपये दंड ठेवला होता. त्यामुळे ‘मॅडम, सोडा ना, तिकडे मुलगी सांभाळून घेईल’ याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. ओळख काढण्याचाही होत नाही, आणि आपल्याकडे ओळख काढल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

आता तुमच्या चौघांचं. तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले पासपोर्टचे फोटो पाहिले.

पहिली अडचण तुझ्या लेकीची, छकुलीची. तुम्ही मोठे दहा वर्षांचे पासपोर्ट घेऊन निर्धास्त बसलात, पण पंधराच्या आतल्या मुलांना तो पाचच वर्षांचा मिळतो आणि तिचा २० ऑगस्टला संपतोय. परत येणार १० जूनला. तू म्हणशील, दोन महिने हातात आहेत. शेंगेन देशांना तेवढं पुरत नाही. तिथून निघायच्या तारखेनंतर आणखी तीन महिने पासपोर्ट जिवंत हवा, म्हणजे १० सप्टेंबरपर्यंत. तीन आठवडे कमी पडतात. सिंगापूर, इंडोनेशिया, मलेशिया किंवा दुबईला जायचं असतं तर पोहोचायच्या दिवसापासून सहा महिने लागले असते. अमेरिका भारतीयांच्या बाबतीत एवढं ताणत नाही, राहण्याचे दिवस भरले की तिला पुरतं. प्रत्येक देशाचं गणित वेगळं, म्हणून शेजारच्याने काय केलं ते विचारू नकोस. त्याचा देश वेगळा असतो, नाहीतर वर्ष तरी वेगळं असतं.

तेव्हा उद्याच मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घे. मुलांसाठी परिशिष्ट ‘डी’ असतं, त्यावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. फी हजार रुपये, तत्काळ हवा असेल तर वर दोन हजार. आणि हे झाल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरू नकोस, कारण नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर. अर्ज, विमा, तिकिटातली माहिती, सगळीकडे तोच नवा नंबर जायला हवा.

सूनबाईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे आणि तिकीट तू सासरच्या नावाने काढलंस. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं मुळीच नाही, पुष्कळजणी बदलत नाहीत आणि कुणाचं काही अडत नाही. पण मग तिकीटही त्याच नावाने हवं. आत्ता विमान कंपनीला फोन केलास तर थोड्या पैशांत काम होईल. आदल्या दिवशी केलास तर काय होईल ते सांगत नाही. शिवाय आपल्या आर-मध्य विभागाच्या कार्यालयातून मिळालेला विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. छकुलीच्या नावापुढे तुझं नाव आणि आडनाव, आईचं आडनाव निराळं. कुणी विचारलं तर तो दाखला आणि जन्मदाखला दाखवता येतो.

तिकीट काढताना नाव आठवणीतून लिहू नये. पासपोर्ट समोर ठेवून, पहिल्या पानावर सर्वांत खाली ज्या दोन ओळी असतात त्यांवरून उतरवून घ्यावं. आधी आडनाव, मग बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हं, मग स्वतःचं नाव, त्याला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं. यंत्र तेवढंच वाचतं. आपल्या त्रिपदरी नावांची गंमत अशी की मधलं नाव कधी ‘गिव्हन नेम’मध्ये जातं, कधी जातच नाही. जसं छापलंय तसंच घालायचं, शुद्धलेखन सुधारायला जायचं नाही. एका गृहस्थांच्या पासपोर्टात आडनावाचं एक इंग्रजी अक्षर जास्त पडलं होतं. मुलाने तिकिटात ते ‘बरोबर’ केलं आणि बापलेक काउंटरपाशी तासभर घाम पुसत उभे राहिले.

खरी गुंतागुंत वहिनीची. आपल्या पिढीत लग्नात बाईचं आडनावच नव्हे, नावही बदलायचे. तांदळात अंगठीने लिहिलं की झालं, माहेरची मंदा सासरी सुलभा. शाळा सोडल्याचा दाखला मंदाचा, रेशनकार्ड सुलभाचं, बँकेचं जुनं पासबुक कुणाचं ते बँकेलाच ठाऊक. वहिनीचा पासपोर्ट सासरच्या नावाचा आहे आणि तोच प्रमाण. पण शेंगेनच्या अर्जात जन्माच्या वेळचं आडनाव विचारतात, अमेरिकेच्या अर्जात आधी वापरलेली नावं विचारतात. तिथे माहेरचं नाव स्वच्छ लिहायचं. ‘कशाला उगाच’ म्हणून एका अर्जात गाळायचं आणि दुसऱ्यात घालायचं, तिथेच गाडं अडतं. संपूर्ण नावबदलाचं महाराष्ट्र शासनाचं राजपत्र असेल तर त्याची प्रत फाईलमध्ये हवी. वहिनीचं कदाचित नसेल. नसलं तर विवाहाचा दाखला आहे का ते बघ. त्यात दोन्ही नावं असतील तर अर्धं काम झालं.

त्याहून बिकट म्हणजे आडनावाचा रकाना कोरा असलेले पासपोर्ट. जुन्या बायकांचे आणि क्वचित पुरुषांचेही असे असतात, सगळं नाव एकाच ओळीत कोंबलेलं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२पासून अशा एकनावी पासपोर्टांवर पर्यटक म्हणून यायला हरकत घेतली. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असलं तर त्यांनी वाट ठेवली आहे. अमेरिकेचा व्हिसा अशा माणसाला मिळाला तर नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे नाव ठाऊक नाही. साठी उलटलेल्या बाईने ते वाचलं की तिला वाटणारच, आयुष्यभर स्वयंपाक केला आणि नाव ठाऊक नाही! परदेशी जायचं नक्की नसलं तरी असा पासपोर्ट आत्ताच दुरुस्त करून घ्यावा.

पासपोर्ट नवा करताना पत्त्याचीही परीक्षा होते, आणि गोराईकर तिथे हमखास गोते खातो. आपली वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या योजनेत प्लॉट पाडून वसवलेली. कुणाच्या आधारवर प्लॉट नंबर, कुणाच्या वीजबिलावर नुसतं सोसायटीचं नाव, कुणी आरएससी रोड लिहितो, कुणी गोराई दोन. पिनकोड एकाचा ९१ तर दुसऱ्याचा ९२. बोरिवलीच्या इंग्रजी स्पेलिंगबद्दल तर बोलायलाच नको. पोलीस पडताळणीला आलेला शिपाई भला असतो, पण त्याला कागदावरचंच घर सापडलं पाहिजे. आधारवर जसा आहे तसाच पत्ता अर्जात घाल.

आता व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. पंधरा दिवसांवर विसंबून राहू नकोस, मे महिन्यात अर्धं महाराष्ट्र स्वित्झर्लंडला निघालेलं असतं. प्रवासाचा विमा किमान तीस हजार युरोंचा हवा आणि त्याच्या तारखा तुमच्या तारखांना पुरून उरायला हव्यात. छकुली बाराच्या आतली, तिचे बोटांचे ठसे घेत नाहीत. ताई खर्च करणार असेल तर तिने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून एक हमीपत्र काढून पाठवायचं. त्याचं जर्मन नाव उच्चारायला जाऊ नकोस, ताईला ते ठाऊक असेल.

व्हिसाचा कागद चिकटून पासपोर्ट हातात आला की तिथेच, केंद्राच्या दाराशी उभं राहून वाचायचा. घरी येऊन देवापुढे ठेवायची घाई नको. त्यावर तीन गोष्टी असतात आणि लोक पहिलीच वाचतात. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. दुसरी, राहण्याचे दिवस. आणि तिसरी, किती वेळा आत जाता येईल. ‘पासून-पर्यंत’मध्ये पंचेचाळीस दिवस दिसतात, पण राहण्याचे दिवस तीस लिहिलेले असतात. खरे ते तीस. पहिल्या तारखा म्हणजे फक्त खिडकी, तिच्यातले तीस दिवस तुमचे. आणि प्रवेशाच्या जागी ‘०१’ असेल तर ताईने कितीही आग्रह केला तरी मध्येच लंडनला जाऊन यायचं नाही. लंडन शेंगेनबाहेर आहे. त्याला वेगळा व्हिसा लागतो, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत घेणार नाहीत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, तिकडे खुशाल जा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर हेही तिथेच ताडून पाहा. छापणाऱ्यांच्याही चुका होतात आणि त्या त्याच दिवशी दाखवल्या तर निस्तरायला सोप्या जातात.

पासपोर्टची किंमत काय असते ते बघ. खाडीपलीकडे विपश्यनेचा पॅगोडा दिसतो ना, तो उभा करणारे सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मलेले, ब्रह्मदेशातले व्यापारी. तिथल्या लष्करी राजवटीत सामान्य नागरिकाला पासपोर्ट मिळणं दुरापास्त होतं. भारतातल्या आजारी आईला भेटायचं म्हणून १९६९मध्ये त्यांना तो मिळाला, आणि मग विपश्यना इथे आली. आमच्या तरुणपणी आपल्याही पासपोर्टवर तो कुठे चालतो नि कुठे नाही याचे शिक्के असत. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. आता पासपोर्ट तसं काही सांगत नाही, म्हणून लोकांना वाटतं की तो सगळीकडे चालतो. आणि काहींना वाटतं की आधारही चालतं. पॅगोड्यात शिबिराला जाणारे आपल्या सेक्टरमधले काहीजण लुंबिनीला निघाले होते, खिशात फक्त आधारकार्ड. नेपाळला व्हिसा लागत नाही हे खरं. पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. आधारसारखी दुसरी ओळखपत्रं चालतात ती पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. मंडळीत आजोबांचं काम झालं, त्यांच्या मुलाचं अडलं.

तुझ्या तिकिटांबद्दल माझी तक्रार आहे. मुंबई ते आखात एका कंपनीचं, तिथून म्युनिक दुसऱ्या कंपनीचं, दोन्ही वेगवेगळी काढलेली. पैसे वाचले असतील. पण एका तिकिटावर प्रवास असला की बॅगा थेट शेवटच्या गावी जातात आणि माणूस आतल्या आत विमान बदलतो. दोन तिकिटं म्हणजे बहुतेक वेळा बॅगा मध्ये उतरवून घ्यायच्या, त्यासाठी त्या देशात शिरायचं, म्हणजे तिथला व्हिसा. पहिल्या कंपनीला आजच विचार, सामान पुढे पाठवणार का. लेखी उत्तर घे. नाही म्हणाले तर तिकीट बदल, वहिनीला घेऊन असले खेळ नकोत. अमेरिकेचं तर विचारूच नकोस. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, मग पुढे मेक्सिकोला जा नाहीतर आणखी कुठे.

अमेरिकेवरून आठवलं, तळमजल्यावरचे काका-काकू मुलाकडे निघालेत, त्यांनाही हे वाचून दाखव. त्यांचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टात आहे. तो व्हिसा चालतो, पण जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत. काकू जुना कपाटात ठेवून निघायच्या. आणि दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. किती दिवस राहायचं ते तिथे उतरल्यावर अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि संगणकावर बघता येते. पोहोचल्यावर मुलाने पहिल्याच आठवड्यात ती उघडून बघावी. नातवंडाच्या मुंजीसाठी आणखी दोन आठवडे, असं परस्पर ठरवलं तर पुढचा व्हिसा विसरावा लागतो.

गोराई गावातली, मनोरी-उत्तनची पोरं आखातात किंवा जहाजावर जातात, त्यांचं तंत्र वेगळं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’, म्हणजे स्थलांतराची तपासणी हवी, असा शेरा असतो. तो नोकरीसाठी आखातातल्या देशांत निघाला तर १९८३च्या कायद्यानुसार सरकारची मंजुरी लागते. ती टाळायला एजंट सांगतो, आत्ता भेटीच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर नोकरीचा करून देतो. कोणी असं सांगितलं की तिथून उठायचं. एजंटाचा परवाना ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतो आणि तीस हजार रुपये अधिक जीएसटी याच्या वर सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. नोकरीची मंजुरी काढली की दहा लाखांचा विमाही होतो, भेटीच्या व्हिसावर गेलेल्याला तो नाही.

केनियात सफारीला जायचं खूळ सध्या वाढलंय. पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचून पिवळं पुस्तक घ्यायचं, ते आता आयुष्यभर चालतं. ते नसलं तर जाताना नव्हे, परत येताना सहारला अडकाल. सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

वहिनीच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घे. गोळ्या त्यांच्या पाकिटातच राहू दे, डबीत एकत्र करू नका. आणि ती ताईसाठी साजूक तूप, पेढे नि अनारसे बांधणार, हे मी आत्ताच सांगतो. बाहेरून येणाऱ्याला दुधाचे नि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा तूप-पेढे घरीच. अनारशावरची खसखस आखातात अमली पदार्थांत मोडते, आणि तुम्ही मध्ये तिथेच उतरणार. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून सहारलाच काढून घेतात. भाजणी ने, मेतकूट ने. ताईला तेच हवं असतं.

सगळ्या कागदांच्या दोन प्रती काढ. एक बॅगेत, एक माझ्याकडे. फोनमध्ये फोटो ठेव, पण फोनवर विसंबू नकोस, त्याची बॅटरी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते. ताईचा पत्ता आणि नंबर वहिनीच्या पर्समध्ये कागदावर लिहून दे. तिला वेगळं उभं करून विचारलं तर तिने तुझ्याकडे बघत राहू नये. कुणाकडे, किती दिवस, परत कधी, एवढंच विचारतात. निघायच्या आठवड्यात जर्मन वकिलातीच्या आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा पुन्हा नजर टाक, नियम मधल्या काळातही बदलतात.

गुरुवारी संध्याकाळी मी येतो. तोवर वहिनीचा विवाहाचा दाखला शोधून ठेव, आणि विमान कंपनीचं लेखी उत्तर छापून.